चौथी खाच

एकदा एक तरुण तीन वर्षांचे भूमितीचे अध्ययन अर्धे टाकून एका वृद्ध वैद्याच्या आश्रमात आला. पाठीवर भूमितीच्या पोथ्यांचे गाठोडे होते. आश्रमात गणितही शिकवत आणि वैद्यकही. ओसरीवर प्रत्येक विद्येची एक खुंटी होती. जी विद्या घ्यायची, तिच्या खुंटीला नव्या शिष्याने पौर्णिमेच्या आत आपले गाठोडे टांगायचे, असा तिथला रिवाज होता.

तरुणाचा ओढा वैद्यकाकडे होता. पण गाठोडे काही त्या खुंटीवर चढेना. पौर्णिमा दोन दिवसांवर आली, तेव्हा तो त्या वृद्ध आचार्यांपुढे जाऊन बसला.

"आचार्य, भूमिती सोडली तर तीन वर्षे पाण्यात जातील. दोन्ही विद्या धरल्या तर दोन्हींत अर्धवट राहीन. काय करू?"

आचार्यांनी गाठोडे उचलले, त्याच्या देखत माळ्यावर ठेवले आणि शिडी काढून घेतली. "परवापर्यंत याला हात लावायचा नाही," इतकेच ते म्हणाले. तरुण चकित झाला, थोडा दुखावलाही.

आश्रमात एक विणकर बाई नऊ दिवस खोकल्याने बेजार होती. तिच्या औषधाची मुळी आता मूठभरच उरली होती. नवी यायला पंधरवडा लागणार होता. आठ मापे पाणी आटवून एक माप काढा उरवायचा, असा नियम. त्यासाठी भांड्यात उभी धरायची, सारख्या अंतरावर आठ खाचांची काडी होती. पातळी सर्वांत खालच्या खाचेला आली की भांडे उतरवायचे. मात्र त्या दिवशी नेहमीचे सरळ भांडे जागेवर नव्हते. आचार्यांनी नरसाळ्यासारखे, खाली टोकाला गेलेले भांडे काढून ठेवले होते आणि काढा करायचे काम तरुणाला दिले होते. आठ मापे ओतल्यावर पाणी काडीच्या सर्वांत वरच्या खाचेला नेमके लागले.

काढा उकळू लागला. पातळी उतरत चौथ्या खाचेला आली आणि तरुणाने फडके घेऊन भांडे धरले.

"अहो भूमितीकार!" ज्येष्ठ शिष्य ओरडला. "चौथी खाच म्हणजे निम्मे. तुमच्याकडे निम्म्यालाच आठवा भाग म्हणतात की काय?"

भोवतीचे शिष्य हसले. तरुणाने भांडे सोडले नाही.

"दादा, हे भांडे निमुळते आहे. उंची निम्मी झाली की लांबीही निम्मी होते, रुंदीही निम्मी. निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे. आठवा भागच उरला आहे. खालच्या खाचेपर्यंत थांबलो तर तळाशी नुसती जळकी मुळी मिळेल."

"आणि चुकलास तर?"

"तर उद्याच निघून जाईन. पण काढा आता उतरवायचा."

त्याने भांडे उतरवले. गाळलेला काढा मापात ओतला. माप काठोकाठ भरले. भांड्यात थेंबही उरला नाही. कोणी काही बोलण्याआधीच तो माप घेऊन बाईच्या खोलीकडे निघाला होता.

त्या संध्याकाळी बाईला पहिल्यांदा सलग झोप लागली. आचार्यांनी तरुणाला जवळ बोलावले.

"पोथ्या माळ्यावर होत्या. मग चौथी खाच तुला कोणी दाखवली?"

तरुणाने वर माळ्याकडे पाहिले.

"शिकलेले सोडता येत नाही, बाळ. सोडायची असते ती फक्त खुंटी. आता एवढेच सांग, माप भरले तेव्हा सगळे मापाकडे पाहत होते. तू कुठे पाहत होतास?"

"त्या बाईंच्या दाराकडे."

"मग दोन खुंट्या कशाला हव्यात? आणि तुझ्या जुन्या गुरूंना माझा निरोप धाड. म्हणावे, तुमच्या भूमितीने इथे एका बाईला झोप दिली. असा शिष्य घडवला म्हणून मला तुमचा हेवा वाटतो."

पौर्णिमेला तरुणाने तेच गाठोडे, एकही पोथी न काढता, ताठ मानेने वैद्यकाच्या खुंटीला टांगले. मागे वळला तर ज्येष्ठ शिष्य काडी घेऊन उभा होता.

"भूमितीकार, ते निमुळत्या भांड्याचे मला पुन्हा एकदा समजावून सांग ना," तो म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही.

मधेच शाखा बदलणाऱ्या मुलाला 'इतकी वर्षे कशात घालवलीस?' असे विचारण्याआधी त्याच्या हाती एकदा काडी देऊन पाहावी.