नम्रतेवरचा नऊशे पानी ग्रंथ

फार फार वर्षांपूर्वी आर्मेनियाच्या डोंगरांत, एका ख्रिस्ती मठात, एक विद्वान संन्यासी राहत होते. गाव त्यांना बाबा म्हणे. चौदा वर्षं खपून त्यांनी वासराच्या कातड्यावर एक ग्रंथ लिहिला. विषय नम्रता, पानं नऊशे.

दर रविवारी प्रार्थनेनंतर बाबा त्यातलं एक वाक्य ठासून सांगत, "लिहिणारा माती आहे, ग्रंथ अमर आहे." मग डोळे मिटून थांबत. 'छे, बाबा, तुम्ही कुठले माती!' असं कुणीतरी म्हणेल, ही आशा. कुणी म्हणत नसे. साधी माणसं ती. ऐकलेलं खरं धरत.

एके दिवशी दरोडेखोरांनी मठ लुटला आणि बाबांना ग्रंथासकट उचललं. गावकरी पाठोपाठ खिंडीत पोचले. दरोडेखोरांचा नायक म्हणाला, "आमचं खेचर दरीत पडलं. तुमचं द्या आणि या दोघांतलं एक घेऊन जा. एकच हं!"

गावात खेचरही एकच होतं.

"ग्रंथ द्या," गावातली सर्वांत वडीलधारी शूशान म्हणाली.

"अगं शूशान, मी इथे आहे!"

"दिसताय की, बाबा."

"मग?"

"लिहिणारा माती, तुम्हीच सांगितलंत. मातीसाठी खेचर घालवू?"

"अगं, ते आपलं बोलायचं असतं!"

शूशाननं हळूच विचारलं, "म्हणजे ते खोटं होतं?"

नायक खूश होऊन दगडावर बसला. "बोला बाबा! आम्हालाही कळू दे."

खोटं म्हणावं, तर सुटका. पण चौदा वर्षांचा ग्रंथ चुलीत घालण्याच्या लायकीचा. खरं म्हणावं, तर मुक्काम इथेच. बाबांनी एकवार ग्रंथाकडे पाहिलं.

"खरं आहे," ते पुटपुटले.

"बघा! तुमचा एक शब्द आम्ही विसरलो नाही," शूशान अभिमानानं म्हणाली. ग्रंथ डोक्यावर घेऊन गावकरी भजन गात निघून गेले.

दुसरं खेचर मिळवायला गावाला तीन वर्षं लागली. तोवर बाबांनी दरोडेखोरांच्या शेळ्या राखल्या, शेण उचललं, शिव्या खाल्ल्या.

परतल्यावर त्यांनी नम्रतेवर नवा ग्रंथ लिहिला. चार पानांचा.

"एवढाच?" गावकरी हिरमुसले.

"एवढंच करून पाहिलंय," बाबा म्हणाले.

तात्पर्य: जे स्वतःवर आल्यावर झेपणार नाही, ते दुसऱ्याला शिकवू नये.