दोराशेजारी बसलेला बाप

तुमच्या आज्याच्या आज्यालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका उंच कड्याखाली दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. कड्याला आग्या मोहळं लटकत. गावकरी अंबाडीचे दोर वळत आणि त्याच दोरांवरून उतरून मध काढत.

गावाची एक रीत होती. मुलाला मिसरूड फुटलं की त्याने पहिला दोर एकट्याने वळायचा आणि वसंतात त्याच दोरावरून कडा उतरायचा. त्या दोराला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, बापाचासुद्धा नाही. हयगय करणारा स्वतःच खाली जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सहसा कुणी हयगय करत नसे.

त्या गावात गाठी मारण्यात एका माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याचा मुलगा त्या वर्षी पहिला दोर वळत होता. पोरगा हसरा, कामसू. पण जत्रेत एका फेरीवाल्याने त्याला भिंगाची एक डबी दिली आणि पोराचा नूरच पालटला.

डबीला डोळा लावला की आतली चित्रं हलत. मोठी माणसं एकमेकांना जीव लावून जे चार भिंतींआड जपतात, त्याचा त्या चित्रांत बाजार मांडलेला होता. त्यात ना माया होती, ना लाज. मुलगा डबी घेऊन माळ्यावर बसू लागला. जेवायला हाक मारली तर ओ देईना, मित्र दारात आले तर भेटेना.

एकदा अंबाडी काढायला बाप माळ्यावर गेला आणि डबी त्याच्या हाती लागली. त्याने डोळा लावला मात्र, त्याचे कान तापले. फोडून टाकावी, तर फेरीवाला दुसरी द्यायला बसलेलाच होता. मग दोर वळणाऱ्याला जे सुचायचं तेच त्याला सुचलं. त्याने डबी फडक्यात घातली, सुतळीने आवळली आणि अशी गाठ मारली की बघत राहावं.

मुलाने ती सोडली आणि पुन्हा जशीच्या तशी मारून ठेवली, पण बापाच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याला गाठी शिकवल्या होत्या कुणी? या शहाण्यानेच. बाप रोज नवी, आणखी अवघड गाठ शोधून काढी आणि मुलगा तीही सोडी. गाठी सोडण्यात पोरगा तरबेज झाला आणि तिकडे दोर बिघडत गेला.

बाप पार गोंधळला. त्याने गावात आडून आडून विचारलं, "माझ्या ओळखीत एकाच्या मुलाचं असं झालंय." एक म्हणाला, "दोन फटके द्या, ताळ्यावर येईल." दुसरा म्हणाला, "वयच तसं आहे, दुर्लक्ष करा." तिसऱ्याने थेट लग्नच सुचवलं. तिघेही इतक्या खात्रीने बोलले की बापाला आधी कळत होतं तेवढंही कळेनासं झालं.

वसंत तोंडावर आला. बापाने लांबूनच दोर निरखला. मधला पीळ सैल होता. हात लावायची सोय नव्हती. पोर यावरून उतरणार आणि आपण वरून बघणार, या विचाराने त्याला बसवेना. तो माळ्यावर गेला. ओरडायचंच ठरवून गेला होता, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"मला काही कळत नाहीये रे. काय करावं सुचत नाही. तूच सांग."

मुलगा शिव्या खायला तयार होता, याला नव्हता. त्याने मान खाली घातली.

"मलाही कळत नाही, बाबा. बघायचं नसतं, तरी हात जातो. मग स्वतःचीच किळस येते. ती विसरायला पुन्हा बघतो."

बाप त्याच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "हात जाईल तेव्हा मला हाक मार. मी येऊन बसेन. काही विचारणार नाही."

वसंतात सगळं गाव कड्यावर जमलं. मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "माझा दोर कच्चा आहे. मी यंदा उतरणार नाही." लोक हसले. बापाची मान शरमेने खाली गेली, पण तो मुलाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "बघू तरी किती कच्चा आहे," म्हणत एका म्हाताऱ्याने दोराला दगड बांधून खाली सोडला. दोर मध्यावर तुटला. मग कुणी हसलं नाही.

मुलाने नवा दोर वळायला घेतला. अधूनमधून हाक येई, "बाबा, या जरा." बाप ताटातली भाकरी टाकून जाई. दोराला शिवता येत नव्हतं, म्हणून हात मांडीखाली दाबून नुसता बसे. कधी हाक येतच नसे आणि सकाळी मुलगा पुटपुटे, "काल बघितली." बापाच्या जिभेवर शिवी येई. ती गिळून तो म्हणे, "बरं. चल, वळायला बस."

पुढे मुलाने आपल्याच हाताने डबी फोडली. जत्रेत पुन्हा त्याची पावलं फेरीवाल्याकडे वळली, पण अर्ध्या वाटेवरून तो परत आला आणि बापाला शोधू लागला.

पुढच्या वसंतात तो कडा उतरला. दोर ताणला, करकरला, पण टिकला. मधाने हात बरबटलेला पोरगा वर आला तेव्हा बाप रडत होता. आपण नेमकं काय केलं, हे त्या बापड्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

पण तुम्ही ध्यानात ठेवा: पहाऱ्याने वाईट सवय लपते, सोबतीने सुटते.