सात मिनिटं

"पण मामा, ही एक सही केली तर तुमचं काय जातंय?"

म्हातारा ऑपरेटर धाकू भोईर आपल्या स्वयंपाकघरात बसला होता. टाइप केलेला कागद त्याच्या पुढ्यात होता. त्यात लिहिलं होतं, टायमर आपोआप बिघडला. साक्षीदार म्हणून त्याचं नाव.

उन्मेष ताम्हाणे घामानं भिजला होता. पाच वर्षांपूर्वी हाच इंजिनिअर गॅसच्या वीजकेंद्रात आला, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला हात धरून मशीन शिकवलं. पुढं साहेब झाला, तसा शहाणा झाला. आता उद्या चौकशी होती, आणि केंद्रातल्या स्फोटात कामगार हरेश घरत मेल्याला आठ दिवस झाले होते.

"साहेब, मला जरा सांगा... वीज कशी होते?"

"मामा, थट्टा नको."

"सांगा तर."

उन्मेषनं घडाघडा सांगितलं. मशीन बाहेरची हवा खेचतं, दाबून ठेवतं. त्यात गॅस सोडायचा, पेटवायचा. तापलेला वारा पाती फिरवतो, पात्यांबरोबर दांडा फिरतो, दांड्यावर जनरेटर. उरलेल्या गरम धुरावर बॉयलर तापवायचा, त्याच्या वाफेवर दुसरं चाक.

"वा. आणि पेटलं नाही तर?"

"गॅस बंद होतो."

"आत शिरलेला?"

"तो बाहेर काढायचा," उन्मेष म्हणाला. "नुसती हवा मारायची. सात मिनिटं."

"तुम्ही किती मारलीत?"

"सांगितलं ना, टायमर बिघडला!"

म्हातारा उठला. ओट्यावरच्या शेगडीचं बटण फिरवलं. काडी लावली नाही. फुस्स आवाज येत राहिला. वीस आकडे मोजले, बटण बंद केलं, आणि काडेपेटी उन्मेषच्या हातात ठेवली.

"लाव."

"वेड लागलंय का तुम्हाला? गॅस भरलाय घरात!"

"का रे? तुला घाई आहे ना?"

उन्मेषनं काडेपेटी अर्धवट उघड्या खिडकीतून बाहेर फेकली. दार उघडलं, खिडकीच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या.

"आता बस," म्हातारा म्हणाला. "घड्याळ आहे हातात."

दोघं बसले. बाहेर खाडीवरून वारा येत होता. पलीकडच्या चाळीत हरेशच्या घरी बाया बसल्या होत्या, त्यांचा आवाज येत होता.

एक मिनिट.

दोन.

"फोनवर वरचे ओरडत होते," उन्मेष म्हणाला. "किती वेळ, किती वेळ... सारखं तेच. वीज कमी पडत होती मामा, मी तरी काय करू?"

तीन.

चार.

"मी फिरवला टायमर. सातचा दोनवर आणला." तो धाकूकडं वळला. "तुम्ही बघत होतात. तुम्ही का नाही ओरडलात?"

"ओरडलो. तू म्हणालास, म्हाताऱ्या, गप बस."

पाच.

"हरेश वर आहे हे मला ठाऊक नव्हतं. आईशपथ. धुराड्याच्या सांध्याला गळती बघायला गेला होता म्हणे. मला कुणी सांगितलंच नाही."

"शिडी उतरायला त्याला चार मिनिटं लागायची," म्हातारा म्हणाला. "गुडघा दुखायचा त्याचा. तरी हवेचा आवाज ऐकून सात मिनिटांत उतरला असता."

उन्मेषनं तोंड ओंजळीत घातलं. पलीकडून एक बाई जोरात रडली, मग गप्प झाली.

सहा.

सात.

उन्मेषनं डोळे पुसले. घड्याळ बघितलं. साहेब परत साहेबासारखा बसला. कागद उचलून त्यानं सरळ केला, पेनाचं टोपण काढलं, आणि दोन्ही म्हाताऱ्यापुढं सरकवलं.

"झालं ते झालं, मामा. मला लहान पोर आहे. नोकरी तर जाईलच, तुरुंग पण आहे पुढं. हरेश काय परत येणाराय? सही करा."

"वास गेला?"

"गेला. कधीच गेला."

म्हाताऱ्यानं कागद उचलला. नाकाशी नेला. बराच वेळ हुंगला, मग होता तसा खाली ठेवला.

"मला अजून येतोय. बसून राहा."