खड्ड्यातला माग आणि उभा माग

फार फार वर्षांपूर्वी एक राजा होता. त्याला मोजण्याची भारी हौस. तसा वाईट नव्हता बिचारा. पण मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वासच बसत नसे.

त्याच्या राज्यात दोन तऱ्हेचे माग होते. काही विणकर जमिनीत खड्डा करून, त्यात पाय सोडून विणत. काहीजण उंच चौकटीच्या उभ्या मागावर विणत. राजाने ठरवलं, यातला चांगला तेवढाच ठेवायचा. त्याने खड्ड्याच्या मागावरची एक म्हातारी आणि उभ्या मागावरचा एक तरुण निवडला. दोघांनी आपापल्या घरी दिवसभर विणलं. संध्याकाळी तरुणाचं कापड बारा हात भरलं, म्हातारीचं सात.

"राज्यातले सगळे खड्डे बुजवा!" राजाने फर्मान सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई फावडी घेऊन आधी म्हातारीच्याच घरी निघाले.

म्हातारीच्या डोळ्यांना पाणी आलं. चाळीस वर्षं तिचं पोट त्या मागावर होतं. दुसरं काही तिला येत नव्हतं.

तरुण जिंकला खरा, पण त्याला चैन पडेना. तो दरबारात गेला.

"महाराज, मी साधे पंचे विणले. आजींनी नक्षीचा काठ विणला."

"मग उद्या दोघंही पंचेच विणा."

"माझ्या सुताच्या कांड्या बायकोने आदल्या दिवशीच भरून ठेवल्या होत्या. आजी एकट्या आहेत, विणता विणता कांड्याही त्यांनाच भराव्या लागतात."

"मग मागांची अदलाबदल करा!"

"माझे पाय त्या खड्ड्यात मावायचे नाहीत, महाराज. आणि आजींचा हात माझ्या मागाच्या वरच्या दांडीला पोचायचा नाही."

राजा वैतागला. "अरे, मग माग मोजायचा तरी कसा?"

"ते मलाही ठाऊक नाही. पण आपण माग मोजलाच नाहीत, महाराज. आमच्या दोघांचा एक दिवस मोजलात."

राजाने फर्मान मागे घेतलं. पण तोवर म्हातारीचा खड्डा बुजवून झाला होता.

तरुण तो उकरायला बसला. थोड्या वेळाने राजाही आला, ओशाळलेला. "किती हात खोल खणायचा, आजी?"

म्हातारीला हसू आलं. "मला काय ठाऊक, महाराज! मी कडेला बसते, तुम्ही खणा. टेकले पाय की सांगते."

राजाने फावडं उचललं. दोघांनी मिळून खणलं. ऊन कलायला लागलं तेव्हा म्हातारीचे पाय हलकेच तळाला टेकले.

"बास, बाळांनो," ती म्हणाली.

तात्पर्य : अवजार एकटं काम करत नाही, ते जोखण्याआधी हात कोणाचे आणि काम कोणतं, हे पाहावं.