शास्त्रीबुवांचा अडून बसलेला संगणक

एका गावात एक जोशी राहत होते. नाव नरहरशास्त्री. पत्रिका मांडण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. अलीकडे ते पत्रिका घरच्या संगणकावर करू लागले होते.

चार दिवसांपासून हा संगणक हट्टाला पेटला होता. संध्याकाळी बंद करायला जावं, तर पडद्यावर दोन ओळी उमटत आणि यंत्र तिथेच अडून बसे. शास्त्रीबुवांनी पंचांग उघडून शनीची वक्रदृष्टी असल्याचं ठरवलं. टेबल दक्षिणेकडून पूर्वेकडे फिरवलं. लिंबू-मिरची टांगली. संगणक ढिम्म हलेना. मग रोज ते भिंतीवरचं बटण खटकन बंद करून मोकळे होत.

"अहो, तो काय म्हणतोय ते वाचा तरी," त्यांच्या पत्नी उमाकाकू म्हणाल्या.

"मी ग्रहांचं वाचतो. यंत्राच्या तोंडी लागत नाही."

पाचव्या दिवशी सकाळीच भगवान शेलार आले. त्यांच्या कावेरीला चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलामुलीच्या जन्मवेळा त्यांनी आदल्या दिवशी फोनवर कळवल्या होत्या. शास्त्रीबुवांनी त्या कागदावर न उतरवता थेट संगणकात घातल्या होत्या.

"पावणं दुपारी निरोप मागत्याल. जुळतंय न्हवं, शास्त्रीबुवा? पोरीच्या मनात भरलंय स्थळ."

शास्त्रीबुवांनी संगणक सुरू केला. पत्रिका गायब! चार दिवसांतली एकही जागेवर नव्हती. जन्मवेळा पुन्हा विचाराव्यात, तर गावभर हसं होणार. त्यापेक्षा 'जुळत नाही' म्हटलं की काम संपलं. जोशाला उलट कोण विचारतो?

"शेलार, योग जरा..." ते बोलू लागले. तेवढ्यानेच शेलारांचा चेहरा पडला. तो पाहून शास्त्रीबुवांना स्वतःचीच लाज वाटली.

"योगाचं काही नाही," ते म्हणाले. "पत्रिका पुसल्या गेल्या, आणि वेळा कागदावर उतरवल्या नाहीत ही माझीच चूक. जन्मवेळा पुन्हा सांगता का?"

शेलारांनी सांगितल्या. हसलेबिसले नाहीत. अर्ध्या तासात दोन्ही पत्रिका मांडून झाल्या. शास्त्रीबुवा संगणक बंद करायला गेले, तर पुन्हा त्याच दोन ओळी. या खेपेला त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं: 'पत्रिका जतन केलेली नाही. जतन करायची का?' त्यांनी 'होय'वर टिचकी मारली. संगणक मुकाट्याने बंद झाला.

"सव्वीस गुण जुळतात, शेलार. खुशाल होकार कळवा."

शेलार इतके हरखले, की चपला ओसरीवरच विसरून घराकडे धावले.

तात्पर्य: आपल्या चुकीचं खापर ग्रहांवर फोडू नये, त्यात एखाद्याचं भलं होता होता राहून जातं. चूक कबूल केली, तर ती निस्तरायला अर्धा तास पुरतो.