पहिली गाडी कोणाची

शके सतराशे त्रेसष्ट, माघ वद्य पंचमी. थंडी अजून सरली नव्हती. त्या दिवशी धामणगिरी संस्थानात दवंडी पिटली, की जो या शिवेच्या आत जन्मला नाही त्याने आठ दिवसांत शीव ओलांडावी.

दवंडी सगळ्यांना होती, पण रोख विणकर आळीवर होता. ही चाळीस घरं बारा वर्षांमागे दुष्काळात नदीपलीकडून आली होती. राजा जयसिंगराव याचे कान त्याच्या मेहुण्याने भरले होते, की हे परमुलखी लोक आपल्या विहिरी पिऊन टाकतात.

दवंडी ऐकू आली तेव्हा सगुणा सुईण विणकर आळीतच होती. निलव्वाच्या पोटावरून हात फिरवत होती. निलव्वाला नववा सरत आला होता, आणि पोर आडवं होतं. शिवेची वाट घाटाची, दगडधोंड्यांची. हे बाळंतपण बैलगाडीत झालं तर दोन्ही जीव जाणार, हे सगुणेला कोणी सांगायला नको होतं.

विणकरांच्या बाजूची माणसं गावात कमी नव्हती. ती चावडीवर जमली आणि तिथेच घोडं अडलं. दत्तू पैलवानाचं म्हणणं, वाड्याचा दरवाजा फोडू. भास्कर पंतोजींचं म्हणणं, अर्ज करू. पैलवानाने विचारलं, अर्ज दाखवून कधी बसलेली म्हैस उठली आहे का? पंतोजींनी विचारलं, आणि दगड मारून कधी दूध निघालं आहे का? तीन दिवस हेच. अर्जावर पहिली सही कोणाची, यावरून पंतोजींच्या माणसांत दोन तट पडले. पैलवानाचा पहिला दगड सुटला तो आपल्याच ढोलवाल्याच्या गुडघ्यावर बसला. वाड्याचा चुनासुद्धा उडाला नाही. विणकर बिचारे दोन्ही बाजूंना पाणी पाजत फिरत होते.

सगुणा चावडीवर गेली आणि म्हणाली, "बाई अडली आहे आणि तुम्ही पाळण्याच्या रंगावरून भांडताय. बसा तसेच."

राजा हे सगळं गच्चीवरून पाहत होता. त्याची चांगली करमणूक झाली. चौथ्या दिवशी त्याने निरोप धाडला. दगड आला तर हात तोडीन. कागद आला तर बंबात घालीन. हुकूम मागे घ्या असं कोणी म्हटलं तर त्याची जीभ छाटीन. एवढं सांभाळून जो कोणी माझ्याच तोंडून हुकूम मागे घ्यायला लावील, तो खरा!

चावडी रिकामी झाली. सगुणा वाड्यात गेली.

"सरकार, मी हुकूम पाळायला आले आहे," ती म्हणाली.

राजाला नवल वाटलं. सगुणेने सांगितलं, की दप्तरात शेतं लिहिलेली असतात, बैल लिहिलेले असतात. कोण कुठे जन्मला ते कोणी लिहीत नाही. ते सुईणींना ठाऊक. कोणी जायचं ते मी निवडून देते, गाड्यासुद्धा जुंपून देते.

"फक्त एक विचारते. हुकूम लहानथोर सगळ्यांना?"

"सगळ्यांना. माझा शब्द एक असतो."

"मग सुरुवात कुठून करू?"

"वरून कर," राजा म्हणाला. "जळमटं वरूनच झाडतात."

मेहुणा खो खो हसला. सगुणेने मुजरा केला आणि निघाली.

सातव्या दिवशी सकाळी वाड्यापुढे गाड्यांची रांग लागली. पहिल्या गाडीत पेंढा दुप्पट, वर दोन गोधड्या आणि एक लोड. राजा बाहेर आला.

"ही कोणाची?"

"ती सांगते मागाहून. दुसरी राणीसाहेबांची. त्या लग्न होऊन आल्या, म्हणजे शिवेबाहेरून आल्या. तिसरी मेहुणेसाहेबांची. ते बहिणीच्या मागून आले."

मेहुण्याचं हसू मावळलं.

"चौथी दिवाणजींची. ते थोरले. सरकार, आपलं संस्थान सात गावांचं. सातही गावं एकमेकांची भाऊबंद, सोयरीक सगळी बाहेरची. आणि पहिलं बाळंतपण माहेरी. मग थोरलं पोर या शिवेत जन्मावं कसं? गावच्या सगळ्या सुना आणि सगळी थोरली मुलं मागे उभी आहेत. विणकरांच्या गाड्या पार शेवटी, ओढ्यापाशी."

"आणि पहिली?" राजाने विचारलं, पण आवाज खाली आला होता.

"सरकार थोरलेच ना?"

मग राजा चिडून म्हणाला, "मी बाहेर जन्मलो याला साक्ष कोण?"

"मी. माझं माहेर सरकारांच्या आजोळचं. सरकारांची सुईण माझी आई. मी चौदा वर्षांची, कंदील धरून उभी होते. सरकार पायाळू. बाहेर आले ते निळे, रडेनात. आईने उलटं धरून सरकारांच्या ढुंगणावर दोन चापट्या दिल्या. अख्खं आजोळ जागं झालं! घाटात गचके बसतात, म्हणून पेंढा दुप्पट घातला आहे."

दिवाणजींनी उपरण्यात तोंड लपवलं. राजाने आधी ओठ दाबले, मग मिशी दाबली, मग काहीच दाबता आलं नाही. तो पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"हुकूम मागे," तो म्हणाला. "बैल सोडा सगळे. तिसऱ्या गाडीचे तेवढे राहू द्या."

मग त्याने सगुणेला विचारलं, काय बक्षीस हवं?

"बक्षीस नको, देणं द्या. सुईणीला लुगडं देतात. सरकारांचे आजोबा उद्या देतो म्हणाले, त्याला पन्नास वर्षं झाली. आई वाट बघून गेली."

राजाने विणकर आळीला लुगडं सांगितलं. ते विणायला बारा दिवस लागले. निलव्वाचं पोर तोवर फिरलं, सरळ आलं, आणि माग चालू असताना खोलीभर रडू लागलं. तेराव्या दिवशी राजा स्वतः सगुणेच्या दारी आला आणि लुगडं तिच्या हातात ठेवलं.

देणं फिटलं.