कोळशाच्या साठ रेघा

एकदा एक कापडव्यापारी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तालमीत दाखल झाला. नाव रंगराव. त्याला लंगोट बांधायलाच दोघांची मदत लागली, तेव्हा तालमीतली तरणी पोरं भिंतीकडे तोंड करून हसली. वस्ताद मात्र हसले नाहीत. सत्तरी ओलांडलेला तो माणूस आयुष्यभर मातीत वावरलेला होता, आणि मातीत उतरायला आलेल्याला हसायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं.

"का आलास?" एवढंच त्यांनी विचारलं.

रंगरावाने मान खाली घालून सांगितलं. त्याची धाकटी बहीण हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भर दुपारी कळा सुरू झाल्या. दवाखाना टेकडीवर, आणि चढाच्या पायथ्याशीच गाडी बंद पडली. तिला खुर्चीवर बसवून पायऱ्यांनी वर न्यायचं ठरलं. भाऊ म्हणून रंगरावाने खुर्चीचा पुढचा पाय धरला.

"वीस पायऱ्या चढलो, वस्ताद, आणि मटकन खाली बसलो. छाती भात्यासारखी हलत होती. शेजारच्या पोराने माझ्या हातातून खुर्ची घेतली. हौसाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे हो, काळजीने! कळा तिला येत होत्या, आणि काळजी ती माझी करत होती. पोरगी सुखरूप झाली, देवाची कृपा. पण ती नजर काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही."

वस्तादांनी त्याला एकदा खालपासून वर न्याहाळलं. मग म्हणाले, "उद्या पहाटे पाचला ये."

रंगराव आला. पहिल्या दिवशी बारा जोर, वीस बैठका, आणि त्यानंतर जिना उतरताना केलेला आक्रोश. पण गडी चिकट निघाला. मेहनत झाली की कोपऱ्यातल्या चुलीतला कोळसा घ्यायचा आणि तालमीच्या भिंतीवर एक उभी रेघ ओढायची, असा नेम त्याने स्वतःच घालून घेतला. शंभर रेघा सलग पुऱ्या करीन, मध्ये एकही दिवस जाऊ देणार नाही, असं त्याने सगळ्यांसमक्ष जाहीर केलं. आता, जाहीर करायची काही गरज होती का? नव्हती. पण व्यापारी माणूस, पाटी लावल्याशिवाय त्याला दुकान उघडल्यासारखं वाटत नसावं.

तेविसाव्या रेघेला घात झाला. जिवलग मित्राचं लग्न होतं. हळद, वरात, जेवणावळी, गप्पा. दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला तेव्हा रंगरावाला जाग आली. भिंतीवर तेवीस रेघा होत्या आणि चोविसावी कधीच त्यांच्या ओळीत बसणार नव्हती. "गेलं सगळं मुसळ केरात," असं म्हणून त्याने डोक्यावर पांघरूण ओढलं, आणि एका सकाळचे बघता बघता सहा महिने झाले.

सहा महिन्यांनी तो पुन्हा तालमीच्या दारात उभा राहिला तेव्हा वस्तादांनी एका शब्दानेही विचारलं नाही. त्यांनी फक्त मातीकडे बोट केलं. रंगरावाने मात्र आता निराळाच धडा गिरवला होता. मागल्या खेपेला मित्राने घात केला, म्हणून मित्र बंद. संध्याकाळची पारावरची बैठक बंद. बारशी, वाढदिवस, सत्यनारायण, सगळं बंद. कुणी बोलवायला आलं की तो दुकानाच्या गादीवरूनच हात जोडायचा. हळूहळू लोक बोलवायचे थांबले. त्याचं त्याला बरंच वाटलं. जुन्या रेघा पुसून त्याने नव्याने सुरुवात केली होती, आणि रेघा वाढत होत्या. तीस झाल्या. पन्नास झाल्या.

साठावी रेघ ओढून तो कोळसा खाली ठेवत होता, तेवढ्यात तालमीच्या उंबऱ्याबाहेरून हाक आली, "दादा!"

हौसा उभी होती. काखेत अकरा महिन्यांची बकुळा, आणि तिच्या डोळ्यांवर जावळाच्या झिपऱ्या. पोरगी फुंकर मारून केस उडवायचा प्रयत्न करत होती आणि तोंडातून नुसतीच थुंकी उडत होती. वस्ताद कोपऱ्यात मुद्गल पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान तिकडेच होते.

"परवा सकाळी देवीच्या देवळात जावळ काढायचं ठरलंय," हौसा म्हणाली. "उद्या संध्याकाळीच मुक्कामाला ये."

"परवा?" रंगरावाचा चेहरा उतरला. "हौसे, मागंच सांगितलं ना तुला. शंभर होऊ देत."

"तुझे शंभर होईस्तोवर हिचं वर्ष उलटून जाईल. पहिल्या वर्षात नाही झालं तर मग तिसऱ्यातच. दोनदा पुढं ढकललं तुझ्यासाठी. सासूबाई आता रोज विचारतात, हिला मामा आहे की नाही?"

"चुलतभावाच्या मांडीवर बसव की! तोही मामाच."

हौसाने पोरीला काखेत वर सरकवलं. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. बाळाचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर उतरतं. पहिल्यांदा वस्तरा अंगाला लागतो तेव्हा मूल घाबरतं, रडतं, आणि त्या वेळी आईच्या माहेरच्या माणसाने त्याला धरायचं असतं. सख्खा मामा जिवंत असताना दुसऱ्याची मांडी मागायला जाणं म्हणजे काय, हे बाईलाच कळतं.

"जोर काढायचेत ना तुला? माझ्या अंगणात काढ," ती म्हणाली. "मी मोजते."

"तसं नसतं गं. रेघ इथं ओढायची असते. तालमीत. एक चुकली की सगळं मोडतं. मागल्या खेपेला काय झालं ते ठाऊक आहे ना?"

"बरं," हौसा म्हणाली. तिने पदराने पोरीचं तोंड पुसलं. "नाही आलास तर मीच घेते मांडीवर. बापाविना पोरी असतात, तशी ही मामाविना." आणि ती निघून गेली. तिच्या खांद्यावरून बकुळा मागे बघत होती.

रंगरावाला दिवसभर कापड धड मोजता आलं नाही. पण साठ रेघा काही थोड्या नव्हेत, असं त्याने स्वतःला तीनतीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तालमीत शिरला आणि दारातच थबकला. भिंत पांढरीशुभ्र होती. ओल्या चुन्याचा वास सुटला होता. साठांपैकी एकही रेघ शिल्लक नव्हती. वस्ताद बादलीत कुंचला बुचकळत होते, आणि त्यांच्या पांढऱ्या मिशीवर आणखी चुन्याचे शिंतोडे उडाले होते.

"वस्ताद! हे काय केलंत?" रंगरावाचा आवाज फाटला. "माझ्या दोन महिन्यांची मेहनत होती ती!"

"हो का?" वस्तादांनी कुंचला खाली ठेवला. ते जवळ आले आणि त्यांनी रंगरावाचा दंड दाबून पाहिला. मग वाकून मांडीवर थाप मारली. "मेहनत तर इथंच दिसते आहे. मी पुसला तो कोळसा. मेहनत पुसायची कुणाची ताकद आहे?"

रंगराव पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते चुन्यामुळे नव्हतं.

"बस," वस्ताद म्हणाले. "एक विचारतो. मित्राच्या लग्नाने तुझा एक दिवस घेतला. पुढचे सहा महिने कुणी घेतले?"

रंगराव खाली बघू लागला.

"मित्राने नाही, जेवणावळीने नाही. ह्या रेघांनी घेतले. ओळ मोडली म्हणून तुला लाज वाटली, आणि लाजेपोटी तू घरी बसलास. अरे, मीही पोराच्या लग्नात चार दिवस माती शिवली नव्हती, आणि म्हातारी गेली तेव्हा तेरा दिवस. माणसांत राहायचं तर दिवस हुकणारच. हुकलेल्या दिवसाचा काही दोष नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी जो उठून येतो, त्यालाच मी पैलवान म्हणतो. मग त्याने आयुष्यात कुस्ती मारलेली नसली तरी चालेल."

त्यांनी हाताला लागलेला चुना पुसला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्या दिवशी मी तुला विचारलं होतं, का आलास. तू काय सांगितलंस, आठवतं? तू भिंतीसाठी आलो म्हणाला नव्हतास. बहिणीची नजर सोसत नाही म्हणाला होतास. काल ती दारात उभी होती, आणि तू तिच्याशी भिंतीकडे बघत बोलत होतास."

रंगरावाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वस्तादांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "चल, ऊठ. आजचे जोर काढ, आणि संध्याकाळी जा. आता मोडायला काही उरलेलंच नाही."

त्या संध्याकाळी रंगराव चालत निघाला. हौसाचं सासर चांगलं दोन तासांच्या वाटेवर होतं. तो दारात दिसला तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं आणि आणखी एक मूठ पीठ परातीत ओढलं.

सकाळी देवळात पाट मांडला. रंगराव मांडी घालून बसला आणि बकुळाला त्याच्या मांडीवर दिलं. वस्तरा पाहताच पोरीने असा काही टाहो फोडला की देवळातली कबुतरं उडाली. नाभिकमामा म्हणाले, "पाहुणं, मांडी हलू देऊ नका हं. टाळू कोवळी आहे." रंगरावाने मांडी हलू दिली नाही. साठ दिवस काढलेल्या बैठका होत्या त्या. एका हाताने त्याने तिची हनुवटी धरली, इतक्या हळू, की असं हळू धरता येतं हे त्यालाच नवं होतं. पोरगी रडली, हुंदके देऊ लागली, मग तिने मामाचा अंगठा मुठीत घट्ट धरला, आणि अर्धं डोकं झालेलं असताना झोपून गेली.

पाऊण तास तो तसाच बसून राहिला. वर्षापूर्वी हे त्याला जमलं नसतं. पाय वळला असता, पाठ बोलली असती, धाप लागली असती. त्याने मान वळवून हौसाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि ह्या खेपेला त्या नजरेत काळजी नव्हती.

दुपारी पुरणपोळ्या झाल्या. रंगरावाने दोन खाल्ल्या, दुधात कुस्करून, चवीने. तिसरीला पानावर हात आडवा धरला. "बास गं, उद्या पहाटे उठायचंय." हौसा हसली आणि तिने आग्रह केला नाही.

आता खरी गोष्ट इथं आहे, बरं का. रात्री घरी परतून तो झोपला, आणि पहाटे पाचला त्याच्या कानाशी तोच जुना आवाज आला. काल हुकला की. आता राहू दे, पुढल्या महिन्यापासून बघू. हा आवाज तुमच्याही ओळखीचा आहे, माझ्याही. रंगराव पडल्या पडल्या ऐकत राहिला. सहा महिने ह्याच आवाजाने त्याला झोपवलं होतं. पण आज त्याला भिंत आठवली, ती पांढरी होती. तिच्यावर कुठलीही ओळ तुटलेली नव्हती. लाज वाटावी असं तिथं काही लिहिलेलंच नव्हतं. त्याने पांघरूण बाजूला केलं.

तालमीच्या पायरीवर वस्ताद बसले होते. एरवी ते आत असायचे. रस्त्याच्या वळणावर रंगराव दिसला तसे ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

"आलास?" ते म्हणाले. म्हाताऱ्याचा आवाज जरा ओलसर होता.

"आलो," रंगराव म्हणाला, आणि मातीत उतरला.

पुढल्या आठवड्यात हौसा पुन्हा तालमीच्या उंबऱ्याशी आली. काखेत बकुळा, डोकं तुळतुळीत, गोटा नुसता. वस्तादांनी बाहेर येऊन कुस्तीच्या हौद्यातली चिमूटभर माती तिच्या कपाळाला लावली. पोरीने ती ताबडतोब चाटायचा प्रयत्न केला.

"दृष्ट लागेल हो माझ्या भाचीला," रंगराव म्हणाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात त्याचा रेघा ओढायचा कोळसा तसाच पडून होता. त्याने तो उचलला, बोटावर घासला, आणि बकुळाच्या गालावर एक तीट लावली.

मग कोळसा चुलीत टाकून तो पुढचे जोर काढायला वळला.